कानोची निळी कुंडं: कापड घेताना काय बघाल
नायजेरियातल्या कानो शहरात कापड घ्यायचं तर कोफार माता वेशीजवळच्या रंगकुंडांवरच. 1498 पासूनची ही जागा. जमिनीत खोल खणलेल्या गोल कुंडांत नीळ, राख आणि क्षार पाण्यात घालून कित्येक दिवस आंबवतात. कापड बाहेर येतं तेव्हा हिरवट असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. ही जिवंत निळाई कारखान्याच्या कापडाला येत नाही! नक्षीसाठी आधी गाठी मारतात. गाठ सैल राहिली तर रंग आत झिरपून कडा फिसकटतात, म्हणून कापड पूर्ण उलगडून उजेडात बघाच. चकाकी लाकडी मोगरीने कुटून आणलेली, धुण्यात ती उतरते. रंगही सुटतो, पहिली दोन-तीन धुणी वेगळी करा. भाव नायरात (नायजेरियाचं चलन), घासाघीस करूनच. शुक्रवारी दुपारी नमाज असते, सकाळी जा.