यूबीसॅन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सी भाषेत लिहिलेली आमची फाइल वाचणारी जुनी लायब्ररी क्लँग या कंपायलरच्या (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझरखाली, म्हणजेच ज्यांचा परिणाम भाषेच्या मानकाने ठरवलेलाच नाही अशा कृती प्रोग्राम चालताना पकडणाऱ्या यूबीसॅनखाली, तपासायला लागून आता आठ महिने झाले. ऑप्टिमायझेशन बंद असताना चोख चालणारी एक तपासणी कोड वेगवान करणारा 'ओ२' पर्याय लावताच निकामी होत असे आणि दोष कंपायलरचाच आहे, असे आम्ही धरून बसलो होतो.

सुरुवात आणि लांबी यांची बेरीज सुरुवातीपेक्षा लहान आली, तर ओव्हरफ्लो झाला, म्हणजे बेरीज तिच्या प्रकारात मावली नाही, असे समजून फाइल नाकारायची, अशी ती तपासणी होती. दोन्ही व्हेरिएबल 'इंट' प्रकारची, म्हणजे साइन्ड (ऋणही असू शकणारे) पूर्णांक. साइन्ड पूर्णांकाचा ओव्हरफ्लो सीच्या मानकानुसार अनडिफाइन्ड असल्यामुळे तो होणारच नाही, असे गृहीत धरायची मुभा कंपायलरला आहे; लांबी ऋण नाही हे आधीच्या ओळीवरून कळताच ती अट कधीच खरी ठरणार नाही, असा निष्कर्ष काढून त्याने ती गाळून टाकली होती. यूबीसॅनने पहिल्याच दिवशी ओळ क्रमांकासह दाखवले की २१४७४८३६०० अधिक १०० ही बेरीज 'इंट'मध्ये मावत नाही. आता आम्ही बेरीज करण्यापूर्वीच कमाल मूल्यातून सुरुवात वजा करून लांबी त्या वजाबाकीशी ताडून पाहतो. सी२३ मध्ये अशा तपासलेल्या बेरजेची प्रमाणित सोयही आली आहे.

सगळीकडे 'एफरॅपव्ही' हा कंपायलरचा पर्याय लावून मोकळे व्हावे, असा मोह झाला होता. तो पर्याय दिला की साइन्ड बेरीज ठरलेल्या रीतीने गुंडाळली जाते, म्हणजे कमाल मूल्य ओलांडताच किमान मूल्यापासून पुढे मोजली जाते, पण ६४ बिटी यंत्रावर ३२ बिटी साइन्ड गणक थेट प्रोसेसरच्या रुंद रजिस्टरमध्ये ठेवून लूप चालवण्याची कंपायलरची मोकळीक काही ठिकाणी जाते. लिनक्स कर्नलने मात्र साइन्ड ओव्हरफ्लोच्या बाबतीत ही मोकळीक जाणूनबुजून नाकारली आहे, आणि त्यांचे मला पटते.

तक्रारी आहेत. चूक सापडली तरी यूबीसॅन मूळ सेटिंगमध्ये संदेश छापून पुढे जातो; आमचे कित्येक इशारे लॉगमध्ये न वाचताच पडून राहिले, तेव्हा कुठे आम्ही चुकीवर थांबण्याचा पर्याय लावला. स्ट्रिक्ट एलिआसिंगचा (एका प्रकारची मेमरी दुसऱ्या विसंगत प्रकारची म्हणून न वापरण्याच्या नियमाचा) भंग किंवा आरंभमूल्य न दिलेल्या मेमरीचे वाचन त्याला दिसत नाही, आणि जी ओळ चाललीच नाही तिच्याबद्दल तो काहीच बोलत नाही. ३२ बिटी संख्या ३२ घरे सरकवणारी ओळ आम्हाला फझर (प्रोग्रामला आपोआप तऱ्हेतऱ्हेची इनपुट देणारे साधन) जोडल्यावरच सापडली: एक्स८६ ची शिफ्ट सूचना तिथे मोजणीचे खालचे पाचच बिट पाहते, त्यामुळे संख्या जशीच्या तशी परत येत होती आणि कोणाला शंकाही आली नव्हती.

अनसाइन्ड (ऋण नसणाऱ्या) पूर्णांकांच्या ओव्हरफ्लोची ऐच्छिक तपासणी एका दिवसात बंद केली, कारण तो ओव्हरफ्लो मुळात अनडिफाइन्ड नसतो आणि आमचे हॅश फंक्शन त्याच्याच बळावर चालते. बाकी तपासण्या प्रत्येक बदलावर चालतात. ग्राहकांकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये सॅनिटायझर नसतो. एक जुने मॉड्यूल मात्र अजूनही 'एफरॅपव्ही' लावूनच बांधतो, कारण त्यातल्या कोणत्या बेरजा मुद्दाम गुंडाळू दिल्या आहेत आणि कोणत्या चुकून गुंडाळल्या जातात, हे ओळीगणिक पाहून व्हायचे आहे.