थ्री मोमेंट, स्लोप डिफ्लेक्शन की मोमेंट डिस्ट्रिब्युशन?

परीक्षा आठवड्यावर आली की मुलं हमखास विचारतात, "सर, फक्त समतोलाच्या समीकरणांनी न सुटणारा बीम सोडवायला सगळ्यात सोपी मेथड कोणती?" बीम बघितल्याशिवाय याला उत्तर नाही. म्हणून एक बीमच घेऊ. ए, बी, सी हे तीन साधे आधार, स्पॅन 4 आणि 6 मीटर, पूर्ण लांबीवर 12 किलोन्यूटन प्रति मीटर भार, ईआय (बीमचा वाकण्याला होणारा विरोध) सगळीकडे सारखा. रिअ‍ॅक्शन (आधारांचा उलट जोर) तीन, समतोलाची समीकरणं दोन. एक अज्ञात उरतंच.

क्लापेरॉनचं थ्री मोमेंट (1857), म्हणजे लागोपाठच्या तीन आधारांवरचे मोमेंट (बीम वाकवणारा परिणाम) जोडणारं समीकरण, इथे एका ओळीत सुटतं. ए आणि सी ला मोमेंट शून्य, त्यामुळे 20 × एमबी (बी चा मोमेंट) = −(12/4)(64 + 216) = −840, म्हणजे एमबी = −42 किलोन्यूटन-मीटर. टोकं साधी आणि स्पॅन दोन-तीन असतील तर मी दुसरीकडे बघतही नाही. टोक फिक्स्ड (न फिरणारं) असेल तर पलीकडे शून्य लांबीचा एक काल्पनिक स्पॅन जोडायचा. मुलं इथेच अडखळतात. फ्रेममध्ये (बीम-खांबांच्या चौकटीत) मात्र ही मेथड फारशी कामाची नाही.

कन्सिस्टंट डिफॉर्मेशन या आणखी एका मेथडने बी चा आधार काढून टाकला, तर भाराने तिथलं डिफ्लेक्शन (खाली वाकणं) 1488/ईआय आणि तिथेच लावलेल्या एक किलोन्यूटनने येणारं 19.2/ईआय. भागाकार 77.5 किलोन्यूटन, ही बी ची रिअ‍ॅक्शन. समजायला सुंदर. पण जास्तीचे आधार दोन झाले की कागद भरतो.

हार्डी क्रॉसने 1930 मध्ये मोमेंट डिस्ट्रिब्युशन मांडलं ते समीकरणांचा ढीग सोडवण्याच्या जाचातून सुटण्यासाठी. आपल्या बीमला टोकं साधी धरून 3ईआय/एल (एल म्हणजे स्पॅन) घेतलं, तर बी ला फॅक्टर (दोन्ही बाजूंचे वाटे) 0.6 आणि 0.4. फिक्स्ड एंड मोमेंट (बी फिरू दिला नाही तर तिथे येणारे) 24 आणि 54, असमतोल 30. त्याचे 18 डावीकडे, 12 उजवीकडे: 24 + 18 = 42, 54 − 12 = 42. एका फेरीत खेळ खलास. हीच युक्ती न करता 4ईआय/एल ने गेलात तर अर्धं-अर्धं कॅरी ओव्हर करत (स्पॅनच्या दुसऱ्या टोकाला पाठवत) चार-पाच फेऱ्या घालाव्या लागतील. कोष्टकात एक चिन्ह चुकलं की पुढच्या सगळ्या ओळी चुकतात, आणि चूक सापडायला फेऱ्यांपेक्षा जास्त वेळ जातो. तरी चार-पाच स्पॅन आणि हातात साधा कॅल्क्युलेटर असेल, तर हीच घ्या.

स्लोप डिफ्लेक्शनमध्ये (मेनी, 1915) अज्ञात म्हणजे सांध्याचं फिरणं. फिक्स्ड टोकाला ते शून्य, म्हणून फिक्स्ड आधार जितके जास्त तितकं गणित कमी. थ्री मोमेंटच्या अगदी उलट. स्टॅडसारख्या स्ट्रक्चरल सॉफ्टवेअरच्या पोटात चालणारी स्टिफनेस मेथड हिचीच मोठी बहीण. पुढे डिझाइनमध्ये जायचं असेल तर ही नीट शिकाच, मार्कांसाठी नाही आवडली तरी.

आधार खचला तर? ईआय 20000 किलोन्यूटन-मीटर² आणि बी 5 मिलिमीटर खाली गेला, तर थ्री मोमेंटमध्ये उजवीकडे फक्त 250 मिळवायचे: −590/20 = −29.5. तेवढ्याशा खचण्याने 42 वरून इतकी घसरण! डिस्ट्रिब्युशनमध्ये हेच सुरुवातीच्या मोमेंटमध्ये धरावं लागतं, आणि बहुतेक चुका तिथल्याच चिन्हांच्या.

न खचलेल्या मूळ बीमच्या रिअ‍ॅक्शन 13.5, 77.5, 29, बेरीज 120. पण तेवढ्यावर खूश होऊ नका. एमबी चुकून 30 धरलीत तरी बेरीज 120च येणार. तपासायचा तो बी चा स्लोप (वाकलेल्या बीमचा तिथला उतार), दोन्ही स्पॅनकडून वेगवेगळा काढून. डावीकडून 24/ईआय, उजवीकडूनही 24/ईआय. आता पेन खाली ठेवा.