लाकडी कोरीवकाम कुठे विकावे: गोव्यातील एका हंगामाचा अनुभव

मी फोंडा तालुक्यात लाकडावर कोरीवकाम करतो. देव्हाऱ्यांच्या महिरपी, चौरंग, भिंतीवर लावायचे गणपती आणि अलीकडे हातात मावतील असे मासे, कासवे व होड्या, एवढा माझा माल असतो. पूर्वी घरी चालून येणाऱ्या गिऱ्हाइकांवर भागत असे. गेल्या ऑक्टोबरपासून मेपर्यंत मात्र मी एक रात्रबाजार, एक सभागृहातील प्रदर्शन, एक फेस्त (चर्चचा वार्षिक उत्सव), दोन जत्रा, पणजीचा लोकोत्सव आणि एका हॉटेलची दर्शनी जागा अशा मुख्यतः सात ठिकाणी माल मांडून पाहिला. त्या आठ महिन्यांची वही समोर ठेवून हे लिहीत आहे.

प्रथम हिशेबाविषयी, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. तीन दिवसांच्या प्रदर्शनाला कारागिराचे पाच दिवस जातात. एक माल बांधण्यात आणि एक परत आणून धूळ झाडण्यात. त्या पाच दिवसांत पटाशीला हात लागत नाही. जागेचे भाडे, टेंपो आणि जेवण हा खर्च सर्वजण धरतात. न कोरलेल्या कामाची किंमत मी डिसेंबरपर्यंत धरलीच नव्हती. ती धरल्यावर फायद्यात वाटणारी दोन ठिकाणे तोट्यात गेली.

किनारपट्टीवरचे रात्रबाजार साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतात आणि तिथली गर्दी पाहून कोणीही भुलेल. मीही भुललो. पहिल्या शनिवारी मी दोन मोठे गणपती आणि एक महिरप नेली. लोक थांबले, फोटो काढले आणि पुढे गेले. कारण अगदी साधे होते. देशांतर्गत विमानाने आलेल्या पाहुण्याला बहुधा 15 किलो सामान नेता येते आणि त्यातले निम्मे काजू आणि फेणीने आधीच भरलेले असते. पुढच्या खेपेपासून मी अर्ध्या किलोच्या आतल्या वस्तूच नेल्या आणि तेव्हा विक्री सुरू झाली. परदेशी गिऱ्हाईक शिसवाविषयी हटकून विचारते, म्हणून सांगतो: 2017 पासून शिसवाचा जवळजवळ संपूर्ण वंश वन्य जातींच्या व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, तयार वस्तूंना ठरावीक वजनापर्यंत सूट असली तरी गिऱ्हाइकाला स्वतःच्या देशाचे नियम पाहून घ्यायला सांगावे आणि बिलावर लाकडाचे नाव व वजन स्वच्छ लिहावे. मी आता तिथे फणस आणि शिवणच नेतो.

उजेडाचा प्रश्न मी कुठेच वाचला नव्हता. कोरीवकाम सावलीवर जगते. डोक्यावरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली उठावाचे काम छापील चित्रासारखे सपाट दिसते; तोच दिवा एका बाजूने, कमी उंचीवरून लावला की गणपतीची सोंड भिंतीतून बाहेर येते. त्यामुळे जागा घेण्यापूर्वी स्वतःचा दिवा लावता येईल का आणि विजेचे पैसे वेगळे पडतील का, हे विचारावे. उघड्या मैदानात डिसेंबर-जानेवारीचे दंवही विसरू नये. नुसते तेल लावलेल्या लाकडाचे रेशे रातोरात उभे राहतात आणि सकाळी वस्तू हाताला खरखरीत लागते. लाखेचे पॉलिश केलेल्या वस्तूंना हा त्रास पुष्कळ कमी झाला.

सभागृहातील प्रदर्शनाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण राग अजून गेलेला नाही. ‘फक्त हस्तकला’ असे सांगून आयोजकांनी पूर्ण भाडे आगाऊ घेतले आणि माझ्या डाव्या हाताला यंत्रावर कोरलेल्या फळ्यांचे दुकान, तर उजव्या हाताला साच्यातून काढलेल्या मूर्ती बसवल्या. माझ्या तीन आठवड्यांच्या कामाची किंमत शेजारच्या दोन तासांच्या कामाशी ताडून पाहिली गेली आणि त्यात गिऱ्हाइकाचा दोष नव्हता. आता मी भाडे विचारण्याआधी मालाची निवड कोण करते, कशी करते आणि शेजारी कोण असेल, हे विचारतो. त्यावर गोलमोल उत्तर मिळाले की पुढचे बोलणे तिथेच थांबवतो.

जत्रा आणि फेस्त यांना मी सुरुवातीस कमी लेखले होते, हे कबूल केले पाहिजे. खाजे, खेळणी आणि पाळणे यांच्या गजबजाटात कोरीवकामाकडे कोण पाहणार, असे वाटत असे. पण गोव्यात जत्रेच्या आणि फेस्ताच्या फेरीतून, म्हणजे तिथे भरणाऱ्या बाजारातून, लाकडी सामान घरी नेण्याची सवय जुनी आहे. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत किंवा ईस्टरनंतर भरणाऱ्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्तात लोक खाटा आणि कपाटे घासाघीस करून विकत घेतात. तिथे येणारे गिऱ्हाईक लाकूड घेण्याच्या तयारीने येते, त्याचे घर जवळ असते, आणि वजनाची त्याला भीती नसते. पौषात एका आजींनी माझा चौरंग उचलला, उलटा केला, खालचे सांधे पाहिले, नखाने टोकरले आणि विचारले, “बाबा, हें फणसाचें मरे?” (हे फणसाचेच ना?) मी हो म्हणताच त्यांनी भाव करायला सुरुवात केली. रात्रबाजारात महिनाभरात एकाही माणसाने वस्तूची मागची बाजू पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून मी गर्दी मोजणे सोडले आणि वस्तू उलटून पाहणारे मोजू लागलो. वहीत प्रत्येक दिवसापुढे तो आकडा आहे, आणि विक्रीचा आकडा त्याच्याच मागून चालतो. मैदानात किती माणसे होती याच्याशी त्याचा फारसा संबंध दिसत नाही. जत्रेची उणी बाजू म्हणजे भाव. तिथे घासाघीस अटळ असते आणि बारीक नक्षीचे दाम मिळत नाही. म्हणून तिथे साधा, दणकट, कमी नक्षीचा माल न्यावा.

बारीक कामाला भाव मिळाला तो लोकोत्सवात. जानेवारीत कला अकादमीच्या परिसरात भरणाऱ्या या उत्सवात निरनिराळ्या राज्यांतले कारागीर येतात, त्यामुळे हाताच्या कामाची किंमत पाहणाऱ्याला पुन्हा समजावून सांगावी लागत नाही. मी अर्धवट महिरप समोर ठेवून दिवसभर कोरत बसलो. तयार माल बेताचाच खपला, पण माझा नंबर लिहून घेणाऱ्यांपैकी अनेकांनी मार्च-एप्रिलमध्ये फोन केले, कारण चतुर्थीच्या आधी नवा देव्हारा किंवा चौरंग घरात यावा, असे त्यांच्या मनात होते. अशा ठिकाणचा हिशेब उत्सव संपल्यावर सहा महिन्यांनी करावा. सरकारी प्रदर्शनांसाठी केंद्रीय हस्तशिल्प विभागाचे कारागीर ओळखपत्र आधीच काढून ठेवलेले बरे. ऐन वेळी धावपळ होते.

हॉटेलच्या दर्शनी जागेत भाडे नव्हते, विक्रीवर टक्केवारी होती, आणि मला तो सौदा उत्तम वाटला होता. तीन आठवड्यांत फणसाच्या मोठ्या गणपतीला पोटापासून खांद्यापर्यंत चीर गेली. आमच्या दमट हवेत वाढलेले, दमट हवेतच सुकवलेले लाकूड रात्रंदिवस वातानुकूलित कोरड्या हवेत ठेवले की ते आकसणारच. चूक माझीच होती. आता अशा जागी चार बोटांपेक्षा जाड वस्तू मी ठेवत नाही आणि मोठी मूर्ती असेल तर तिचा मागचा भाग पोकळ कोरतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी एकदाच बसलो. पोळपाट आणि पाट यांना तिथे गिऱ्हाईक आहे, कोरीवकामाला नाही.

येत्या हंगामासाठी जागा ठरल्या आहेत: दोन जत्रा, मिलाग्रीसचे फेस्त, लोकोत्सव, आणि रात्रबाजार केवळ डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांसाठी, तोही फक्त मासे आणि कासवे घेऊन. माझा पुतण्या म्हणतो, “काका, शनिवार सगळे सोडू नका.” शनिवारी तो बसणार असेल तर माझी हरकत नाही. माझ्याकडे चतुर्थीचे सात देव्हारे आहेत आणि त्यांतल्या तीन देव्हाऱ्यांचे लाकूड अजून माळ्यावर सुकते आहे.