सेकेनानी गेटवर कळलं, पैसे पोचलेच नव्हते

ऑगस्ट 2024 मध्ये मी, हे, धाकटे दीर आणि जाऊबाई असे चौघं केनियात मसाई मारा बघायला गेलो. हे त्याच वर्षी मे महिन्यात निवृत्त झाले. ताडोब्याला आमच्या आठ-दहा फेऱ्या झाल्यात, त्यामुळे जंगल आम्हाला नवं नव्हतं. पण टांझानियातल्या सेरेंगेटीतून लाखो विल्डबीस्ट, म्हणजे गुरांसारखी दिसणारी मोठी हरणं, वर येतात आणि मारा नदी ओलांडतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचं असं ह्यांनी कित्येक वर्षं मनात धरलं होतं. निघताना ज्याने त्याने बजावलं, आफ्रिका आहे, जपून राहा. फसवणूक तोवर ठाण्यातच होऊन गेली होती, आणि करणारा आम्हाला काका-काकू म्हणत होता.

जाऊबाईंच्या ओळखीतून हा ट्रॅव्हल एजंट मिळाला. स्टेशनजवळ छोटं ऑफिस, बोलणं गोड, घरी येऊन चहा पिऊन गेला. माणशी 2 लाख 60 हजार, विमान धरून, वर 5 टक्के जीएसटी आणि 5 टक्के टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून घेऊन आपल्या नावावर सरकारकडे भरायचा आयकर. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: सर्व पार्क फी समाविष्ट, लँड क्रूझर, मुक्काम पार्काच्या आत नदीकाठी. केनियाच्या ईटीएचे, म्हणजे देशात शिरायच्या ऑनलाइन परवानगीचे, त्याने माणशी 6 हजार घेतले. तो अर्ज आपला आपण ऑनलाइन भरता येतो आणि फी 30 डॉलरच्या आसपास असते, हे आम्हाला नंतर कळलं. शेवटचा हप्ता त्याने दुसऱ्याच नावाच्या खात्यात भरायला सांगितला. ‘काकू, ते आमचं फॉरेनचं खातं आहे,’ म्हणाला. मी भरला. त्या एका गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं, कारण भरताना हात थांबला होता.

नैरोबीत न्यायला आली ती वर छत उचलता येणारी साधी व्हॅन. तेही आम्ही सोडून दिलं. रिफ्ट व्हॅली या मोठ्या दरीचा कडा, नारोक गाव, मग दोन्ही बाजूंना गुरं घेऊन चाललेले मसाई, सगळं बघत दुपारी माराच्या सेकेनानी गेटला पोचलो. ड्रायव्हर खाली उतरून खिडकीशी गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा आमच्याकडे न बघता स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मग हळूच म्हणाला, ‘तुमची फी आमच्याकडे आलेली नाही. ऑफिसला विचारलं. ते म्हणतात, तुम्ही इथे भरणार आहात.’

मारात परदेशी पाहुण्याला 2024 पासून जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर पडतात. तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं. आम्ही चौघं, तीन दिवस, म्हणजे 2400 डॉलर. तेव्हाच्या भावाने 2 लाखांवर. रोख घेत नाहीत, आणि आमच्या फॉरेक्स कार्डात सगळे मिळून 1500 डॉलर होते. ठाण्याला फोन लावला. ‘काका, पेमेंट पोर्टलवर अडकलंय, तुम्ही भरा, आल्यावर देतो.’ दुसऱ्यांदा लावला तेव्हा फोन बंद होता, तो पुढचे चार दिवस बंदच राहिला.

नदीकाठचा तंबू निघाला तालेक गेटच्या बाहेर. म्हणजे रोज आत जायचं तर रोज तिकीट. त्या रात्री हिशेब मांडून आम्ही ठरवलं, एकच दिवस भरायचा. 800 डॉलर.

तो दिवस मी विसरणार नाही. तालेकहून पहाटे आत शिरलो, सिंहीण आणि तीन पिल्लं बघितली आणि थेट नदीवर गेलो. पलीकडच्या काठावर विल्डबीस्ट जमत होते. धूळ, त्यांचं ते घशातलं हंबरणं, मध्येच झेब्रे. पुढचा एखादा उताराला लागायचा, पाण्याचा वास घ्यायचा आणि गर्रकन मागे फिरायचा, की सगळा कळप मागे. असं पाच वेळा झालं. ह्यांनी दुर्बीण खाली ठेवली नाही, डबाही उघडला नाही. सव्वाचारला ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं. गेट दीड तासावर, 6 ला तिकीट संपणार. हे काही बोलले नाहीत, फक्त दुर्बिणीचा पट्टा गुंडाळत राहिले. उरलेले दोन दिवस आम्ही गेटबाहेरच्या रस्त्यांवर फिरलो. नदी काही पुन्हा दिसली नाही.

परतताना दीर ड्रायव्हरच्या नैरोबीतल्या कंपनीत गेले. तिथल्या बाईंनी ठाण्याच्या एजंटला पाठवलेलं मूळ बिल दाखवलं. त्यात सरळ लिहिलं होतं: पार्क फी धरलेली नाही, ग्राहक थेट भरेल. आमच्या हातातलं व्हाउचर त्याच कंपनीच्या लेटरहेडचं होतं, पण त्याने घरी बसून बनवलेलं. घरी आल्यावर ह्यांनी 26एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता, उघडून बघितला. आमच्याकडून कापलेल्या टीसीएसचा एक रुपयाही तिथे नव्हता.

पोलिसात अर्ज दिलाय, ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. ऑफिसला कुलूप आहे. केनियातल्या लोकांबद्दल मात्र माझ्याकडून वाकडा शब्द निघणार नाही. त्या ड्रायव्हरने शेवटच्या दिवशी घरून आमच्यासाठी चपात्या आणल्या होत्या. तिकडेही चपातीच म्हणतात.

खरं तर आम्हाला हे सुचायला हवं होतं. ताडोब्याच्या परमिटवर आपलं नाव असतं, ओळखपत्राचा नंबर असतो, तो आपण गेटवर दाखवतो. मग 200 डॉलरच्या तिकिटाबद्दल आम्ही एजंटच्या एका ओळीवर का विसंबलो? तुम्ही जाणार असाल तर तिकडच्या कंपनीचं नाव आधी मागून घ्या. तिच्याकडे केनियाच्या टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचा परवाना आहे का, टूर ऑपरेटरांच्या ‘काटो’ या संघटनेच्या यादीत ती आहे का, ते बघा. कॅम्पचं नाव नकाशावर शोधा, गेटच्या आत आहे की बाहेर ते लगेच दिसतं. पैसे भरल्यावर 26एएस अधूनमधून उघडून बघत जा. आणि व्हाउचरवरचा फोन नंबर लावू नका, आमच्या व्हाउचरवर एजंटच्याच माणसाचा होता. कंपनीचा नंबर स्वतः शोधा, निघायच्या महिनाभर आधी फोन करा आणि विचारा: आमच्या नावाने किती दिवसांची पार्क फी तुमच्याकडे जमा आहे, ते मेलवर लिहून पाठवता का?