पत्ता खरा, घर खरे, यजमान खोटे

माझी मुलगी २०२४ च्या ऑगस्टअखेरीस एक वर्षाच्या एमएस्सी अभ्यासक्रमासाठी पुण्याहून डब्लिनला गेली आणि ज्या कुटुंबात ती राहणार होती, तसे कुटुंब त्या घरात कधी राहतच नव्हते, हे तिला त्या घराच्या दारात दोन मोठ्या बॅगा घेऊन उभी असताना कळले. आमचे २,५५० युरो, म्हणजे बँकेचे शुल्क धरून सुमारे २ लाख ४० हजार रुपये गेले. हे सगळे लिहिण्यास मला वर्षभर संकोच वाटत होता. परंतु आमच्या कोथरूडमधून, आमच्याच गल्लीतून, दरवर्षी कोणाचा ना कोणाचा मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला जाते आणि आम्ही ज्या पायऱ्यांनी खाली गेलो त्याच पायऱ्या त्यांच्याही समोर येणार आहेत, म्हणून जे घडले ते तपशिलाने सांगते.

डब्लिनमध्ये विद्यार्थ्यांना खोली मिळणे किती कठीण आहे, हे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला प्रवेशपत्राबरोबरच कळते. वसतिगृहांतल्या जागा अपुऱ्या आणि महाग असल्यामुळे अनेक विद्यार्थी तिथे ज्याला ‘डिग्ज’ म्हणतात तशी सोय शोधतात, म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या घरातली एक रिकामी खोली आणि बहुतेक वेळा संध्याकाळचे जेवण. आयर्लंडमध्ये राहत्या घरातली खोली अशी भाड्याने दिली, तर वर्षाला १४,००० युरोंपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. त्यामुळे खरीखुरी कुटुंबेही मोठ्या संख्येने विद्यार्थी ठेवतात आणि विद्यापीठेसुद्धा दर उन्हाळ्यात तसे आवाहन करतात. तेव्हा आम्ही काही विचित्र गोष्टीच्या मागे लागलो होतो, असे नाही. मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार, तर ती चार अनोळखी मुलांबरोबर राहण्यापेक्षा कोणाच्या तरी घरात, घरच्यासारखी राहिलेली बरी, असे मला मनापासून वाटत होते, आणि माझी हीच इच्छा खोली देणारी घरमालकीण म्हणून भेटलेल्या बाईंनी अचूक ओळखली.

आयर्लंडला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सअॅप गटावर त्यांचा संदेश आला होता. आपण परिचारिका आहोत, मुलगी ऑस्ट्रेलियाला गेल्यामुळे तिची खोली रिकामी आहे आणि आपल्याला मुलगीच हवी आहे, असे त्यांनी कळवले. भाडे महिना ८५० युरो, त्यात रात्रीचे जेवण. शाकाहारासाठी वेगळे भांडे ठेवू, असे त्यांनी आपणहून सांगितले. दोनदा व्हिडिओ कॉल झाला आणि दुसऱ्या वेळी त्यांनी मलाही बोलावून घेतले, माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी केली, गणपतीत मुलीला घरची आठवण येईल म्हणून त्या दिवशी काय रांधू असे विचारले. मी त्यांच्यासाठी तांबट आळीतून मुद्दाम एक तांब्याचा तांब्या आणला. चार पानी करारपत्र आले, त्याच्या चौथ्या कलमात ‘घरात येताना बूट दाराशी काढावेत’ असे लिहिलेले होते. आपल्यासारखीच रीत आहे, असे मी कौतुकाने जाऊबाईंना सांगितल्याचे मला आठवते.

आम्ही डोळे मिटून पैसे पाठवले, असे मात्र नाही. आपल्याकडे ४११०३८ या एका पिनकोडात सगळे कोथरूड येते. आयर्लंडमध्ये २०१५ पासून ‘एअरकोड’ नावाची सात अक्षर-अंकांची पद्धत आहे आणि तिच्यात प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र कोड असतो. बाईंनी दिलेला कोड आम्ही नकाशावर टाकला. तो अचूक त्या घरावर गेला. लाल विटांचे दुमजली घर, हिरवे दार, डाव्या हाताला कुंपण, सगळे त्यांनी पाठवलेल्या बाहेरच्या छायाचित्राशी जुळत होते. माझ्या पतींनी विद्यापीठापर्यंतचे अंतर आणि बसचा मार्गही पाहिला. बाईंच्या पारपत्राची प्रतही आम्ही मागून घेतली होती. आमची खात्री पटली.

आज मागे वळून पाहताना लक्षात येते, की आम्ही जे जे तपासले ते सगळे घराबद्दल होते. ते घर आहे, त्या जागी आहे, तिथून बस जाते, हे सारे खरेच होते. त्या बाईंचा त्या घराशी संबंध आहे, हे दाखवणारी एकही गोष्ट आमच्या हातात नव्हती. त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू आमच्यापर्यंत आली होती, ती म्हणजे त्यांचा बँक खाते क्रमांक, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आम्ही ढिलाई केली.

युरोपातल्या खाते क्रमांकाच्या, म्हणजे ‘आयबॅन’च्या, पहिल्या दोन अक्षरांवरून खाते कोणत्या देशातले ते कळते. आयर्लंडचा क्रमांक ‘आयई’ने सुरू होतो आणि २२ अक्षर-अंकांचा असतो. आमच्याकडचा क्रमांक ‘एलटी’ने, म्हणजे लिथुआनियाने, सुरू होत होता आणि २० चा होता. कर्वे रस्त्यावरच्या आमच्या बँकेच्या शाखेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ अर्ज भरताना तिथल्या अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून विचारले, “बाई राहतात आयर्लंडमध्ये आणि खाते लिथुआनियात, हे कसे?” त्यांनी विचारले, हे मी आवर्जून नोंदवते, कारण त्यांचे काम त्यांनी चोख केले होते. उत्तर माझ्या तोंडावरच होते. “त्यांचे खाते ऑनलाइन बँकेत आहे, तिकडे असेच असते.” हे उत्तर मला त्या बाईंनीच आदल्या दिवशी, मी न विचारता, देऊन ठेवले होते. काही ऑनलाइन बँकांचे क्रमांक खरोखरच लिथुआनियाचे असतात, त्यामुळे ते खोटेही वाटले नाही. जुलैमध्ये अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे मिळून १,७०० युरो गेले.

निघण्याच्या दहा दिवस आधी दुसरा संदेश आला. ब्राझीलची एक विद्यार्थिनी तीन महिन्यांचे भाडे आगाऊ द्यायला तयार आहे, परंतु आपला जीव तुमच्या मुलीवर जडला आहे, तेव्हा आणखी एक महिन्याचे भाडे आताच पाठवले तर कुटुंबात सांगता येईल, असा त्याचा आशय होता. मुलगी म्हणाली, “आई, मला हे बरोबर वाटत नाही.” तिकीट काढलेले, व्हिसा झालेला, दुसरी सोय काहीच नाही, अशा स्थितीत मी तिला गप्प केले आणि ८५० युरो पाठवले. सगळ्या प्रकरणातली ही माझी चूक मला आजही सर्वांत जास्त टोचते, कारण त्या दिवशी घरातल्या एका माणसाला सत्य दिसले होते.

अबुधाबीमार्गे ती डब्लिनला उतरली. विमानतळावर घ्यायला येणाऱ्या बाई आल्या नाहीत, फोन बंद होता. रुग्णालयात अडकल्या असतील, असे आम्हीच तिला सांगितले आणि टॅक्सी करून घरी जायला लावले. तिथे दुपारचे साडेतीन वाजले होते, पुण्यात रात्रीचे आठ. हिरवे दार सत्तरीपलीकडच्या एका गृहस्थांनी उघडले. मुलीने करारपत्र दाखवताच त्यांनी ते वाचलेही नाही. आत वळून पत्नीला हाक मारली आणि म्हणाले, आणखी एक मुलगी आली आहे. त्या पंधरवड्यात त्यांच्या दारात आलेली ती तिसरी विद्यार्थिनी होती. मला फोनवर तिचा आवाज ऐकू आला, “आई, त्या इथे राहत नाहीत गं. कधीच राहत नव्हत्या.” त्यानंतर बराच वेळ नुसता पावसाचा आवाज येत राहिला. त्या दांपत्याने तिला आत बसवले, चहा दिला आणि गार्डा ठाण्यापर्यंत, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे, स्वतः मोटारीने नेले. तांबट आळीतला तो तांब्या तीन आठवड्यांनी तिने त्यांच्याच घरी नेऊन दिला.

गार्डांनी तिला पल्स या त्यांच्या प्रणालीतला नोंद क्रमांक दिला आणि तो क्रमांक पुढे पुण्यात फार उपयोगी पडला. विद्यापीठाच्या निवास विभागाने एका हॉस्टेलमध्ये पलंग मिळवून दिला, तिथे ती एका खोलीत आठ जणींसह एकोणीस दिवस राहिली. इकडे आम्ही दुसऱ्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेला पैसे परत मागवण्याचा अर्ज दिला. देशातल्या खात्यात गेलेली रक्कम वेळेत कळवल्यास गोठवता येऊ शकते. परदेशी गेलेल्या रकमेसाठी समोरच्या बँकेवर अवलंबून राहावे लागते आणि मधले दिवस फसवणाऱ्याच्या बाजूने असतात. नोव्हेंबरमध्ये उत्तर आले, की खाते बंद झालेले असून त्यात शिल्लक नाही.

काही दिवसांनी मुलीने त्या बाईंकडून आलेले स्वयंपाकघराचे जुने छायाचित्र मला पुन्हा पाठवले आणि त्यातल्या किटलीच्या मागची भिंत पाहायला सांगितली. तिथला प्लग दोन गोल छिद्रांचा होता. आयर्लंडमध्ये तीन चौकोनी पिनांचे प्लग असतात. त्याचे अॅडॅप्टर मी स्वतः तपकीर गल्लीत उभी राहून विकत घेतले होते. छायाचित्र युरोपातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी देशातल्या घराचे होते.

सदनिका घेताना आपण पुण्यात इंडेक्स टू काढल्याशिवाय एक रुपया देत नाही. आयर्लंडमध्ये बहुतेक मालमत्तांची नोंद जमीन नोंदणी खात्याकडे असते, नकाशावर घर शोधून ५ युरो भरले की त्याचे नोंदपत्र दिसते आणि त्यावर मालकाचे नाव असते. पाच युरोंत आमचे अडीच हजार वाचले असते. हे आम्हाला माहीत नव्हते. परंतु ‘फोन हातात घेऊन दाराबाहेर या आणि घराचा क्रमांक दाखवा’ एवढे सांगायला तर काहीच माहीत असावे लागत नव्हते. आमच्या ओळखीतला एक मुलगा त्याच शहरात शिकत होता, त्याला एका संध्याकाळी तिकडे जाऊन यायला सांगता आले असते. आपण एका सज्जन बाईंवर संशय घेतो आहोत असे त्यांना वाटू नये, म्हणून मी ते टाळले. शिवाय घरमालकाच्याच घरात राहणाऱ्याला तिथल्या कायद्यात भाडेकरूचे संरक्षण नसते, भाडेकरारांचे वाद सोडवणारे मंडळ अशी प्रकरणे घेत नाही. त्यामुळे खऱ्या घरमालकाशी व्यवहार असला, तरी खोली पाहण्याआधी पूर्ण रक्कम देऊ नये आणि पहिले आठ-दहा दिवस विद्यापीठाने सुचवलेल्या जागी किंवा हॉस्टेलमध्ये काढण्याची तरतूद खर्चातच धरावी, असे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पारपत्राच्या प्रतीवरही विसंबू नये. आमच्याकडे आलेली प्रत बहुधा आधी फसवल्या गेलेल्या कोणाची तरी असावी, असे गार्डांनी मुलीला सांगितले, आणि आम्हीही मुलीच्या पारपत्राची प्रत त्याच बाईंना पाठवलेली आहे, ही काळजी अजून मिटलेली नाही.

तक्रार देताना पती म्हणाले होते, की ही गोष्ट घराबाहेर जायला नको. मीही होकार दिला होता. परंतु या जुलैमध्ये शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाची आई डब्लिनच्याच एका घराचे करारपत्र घेऊन, इंग्रजी नीट समजावून घ्यायला माझ्याकडे आली. पत्ता वेगळा, नाव वेगळे, भाडे ९०० युरो. मी त्यांना समोर बसवूनच फोन लावायला सांगितला आणि दाराचा क्रमांक दाखवण्याची विनंती करायला लावली. नेटवर्क नाही असे उत्तर आले आणि संध्याकाळी तो क्रमांक बंद झाला. मग मी कपाटातून आमचे करारपत्र काढले आणि दोन्ही शेजारी ठेवली. चौथ्या कलमातले बूट दाराशी काढण्याचे वाक्य शब्दशः तेच होते. दोन्ही प्रती आम्ही सायबर पोलिसांकडे दिल्या आहेत.