नोटिफिकेशन बंद केलं, अ‍ॅप ठेवलंय (5 पैकी 2 तारे)

मी नाशिकला कॉलेज रोडवर अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. हे मराठी बातम्यांचं अ‍ॅप माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर आहे, म्हणून हा रिव्ह्यू. अक्षर मोठं करता येतं, जाहिराती बेताच्या, भाषा सोपी. विज्ञान विभागाचे मथळे मात्र मुलांची दिशाभूल करतात.

डिसेंबर 2022 मध्ये नोटिफिकेशन आलं, ‘पृथ्वीवर सूर्य अवतरला, फुकट वीज येणार!’ वर्गात पहिलाच प्रश्न, “मॅडम, मग एकलहरेचं वीजकेंद्र बंद होणार?”

फळ्यावर हिशेबच मांडला. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 192 लेसर किरणांनी इंधनाच्या इवल्याशा गोळीसाठी 2.05 मेगाज्यूल ऊर्जा पोचवली आणि संमीलनातून, म्हणजे सूर्यात होतं तसं हलक्या अणूंची केंद्रकं एकत्र येण्यातून, 3.15 मेगाज्यूल मिळाली. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. म्हणजे मिळालेली सगळी ऊर्जा एक युनिटसुद्धा भरत नाही! आणि लेसर चालवायला वीज लागली सुमारे 300 मेगाज्यूल, म्हणजे 83 युनिट. छोट्या घराचा महिना निघतो तेवढ्यात. हा 300 चा आकडा बातमीत कुठेच नव्हता. तो कळल्यावर मुलं नेमकं विचारायला लागली: लेसर एवढी वीज का खातो? वीजकेंद्र चालवायचं तर सेकंदाला किती गोळ्या पेटवाव्या लागतील?

खरं यश वेगळंच होतं. लक्ष्यावर टाकलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा प्रयोगशाळेतल्या संमीलनातून पहिल्यांदाच निघाली होती. त्यामागे कित्येक दशकांची मेहनत आहे, आणि नेमकं तेच फुकट विजेच्या नादात झाकलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी तक्रार पाठपुराव्याची. जुलै 2023 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी एलके-99 हा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला जराही रोध न करणारा, असल्याचा दावा केला, तेव्हा अ‍ॅपवर बातम्यांचा पाऊस पडला. महिन्याभरात इतर प्रयोगशाळांनी तपासलं. रोध एकदम घसरतो तो अतिवाहकतेमुळे नाही, तर त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, असं निघालं. त्याची एक ओळ अ‍ॅपवर आली नाही. जुनी बातमी अजून जशीच्या तशी आहे आणि मुलं तीच प्रोजेक्टमध्ये उतरवतात.

चांद्रयान-3 च्या वेळी मात्र याच अ‍ॅपने उतरण्याचा एकेक टप्पा आकृतीसह सुरेख समजावला होता. दोन तारे त्याचे.

अ‍ॅपवाल्यांना विनंती: दावा खोटा ठरला की जुन्या बातमीच्या डोक्यावर तसं लिहा, आणि मूळ शोधनिबंधाची लिंक द्या. एवढं केलंत तर आणखी दोन तारे नक्की वाढवीन.