अकूस्टिक पीडी सेट, आठ महिन्यांनंतर: यंत्र चांगलं, होल्डर नाही

तीन नंबरच्या होल्डरची स्प्रिंग तुटली तेव्हा सेट चालू ट्रान्सफॉर्मरवर लावलेला होता आणि रेकॉर्डिंगला सहा तास झाले होते. पीडी म्हणजे पार्शल डिस्चार्ज, इन्सुलेशनमधल्या बारीक ठिणग्या. हा सेट त्यांचा आवाज टाकीच्या बाहेरून ऐकतो आणि दोषाची जागा शोधतो. होल्डर म्हणजे चुंबकाने टाकीला चिकटून सेन्सर स्प्रिंगने दाबून धरणारा भाग. सेन्सर खाली पडला नाही. चुंबक टाकीला चिकटून राहिलं, फक्त सेन्सरचं तोंड पत्र्यापासून केसभर सुटलं. स्क्रीनवर ना लाल खूण, ना सूचना. तीन नंबर चॅनेल नुसतं शांत झालं, आणि शांत चॅनेल दिसलं की कोणीही हेच समजणार की त्या बाजूला काही नाही. कुठपर्यंतचं रेकॉर्डिंग ठेवायचं ते ठरवता येईना, म्हणून सगळंच टाकून दिलं. राग तिथून सुरू झाला.

सेट नेहमीचाच आहे. १५० किलोहर्ट्झच्या आसपास सगळ्यात तल्लख असलेले चार पिझो सेन्सर, प्रीॲम्प (कमकुवत सिग्नल वाढवणारा), अर्थिंगच्या तारेवर लावायचा एचएफसीटी (तारेतल्या विद्युत पल्स पकडणारा सेन्सर) आणि जागा काढून देणारं सॉफ्टवेअर. आठ महिन्यांत अकरा ट्रान्सफॉर्मर आणि दोन जीआयएसवर (धातूच्या आवरणातल्या, वायूने भरलेल्या स्विचगिअरवर) वापरला. बाकी आकडे कॅटलॉगमध्ये आहेत, ते इथे उतरवत नाही.

सेन्सर उत्तम आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी कोअरची गुणगुण १०० हर्ट्झ आणि तिच्या पटींत असते, कोअरचा चुंबकीय खरखराट काही दहा किलोहर्ट्झपर्यंत चढतो. हे सेन्सर त्या सगळ्याच्या वर बसून ऐकतात. ऑइल पंप आणि फॅन मात्र तरीही त्रास देतात. ऑपरेटरला विनंती करून, तापमानावर डोळा ठेवून, वीस मिनिटं फॅन बंद करून घ्या. चित्र एकदम साफ होतं.

आता होल्डर. आतली पार्शल डिस्चार्जची टकटक तेलातून येते, टाकीच्या पत्र्यातून पार होते आणि ग्रीसच्या पातळ थरातून सेन्सरमध्ये शिरते. त्या थरात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी या फ्रिक्वेन्सीला तिथे जवळपास भिंतच उभी राहते. टाकीचा पत्रा ६५-७० अंशांवर गेला की साधं ग्रीस पातळ होऊन ओघळतं. अशा वेळी सेन्सर पत्र्यावर दाबून धरायचं सगळं काम स्प्रिंगचं असतं. या सेटची स्प्रिंग दोन-तीन महिन्यांतच मऊ पडली. एवढ्या किमतीचं इलेक्ट्रॉनिक्स आणि त्याचा सगळा भार नखाएवढ्या स्प्रिंगवर!

हे मी अंदाजाने म्हणत नाही. यांत्रिक पेन्सिलीत ०.५ मिमीचं टूएच शिसं घ्यायचं, तीन मिलिमीटर बाहेर काढायचं, सेन्सरच्या शेजारी पत्र्यावर तिरकं टेकवायचं आणि मोडायचं. कट्‍ असा बारीक आवाज होतो आणि स्क्रीनवर एक सुई उभी राहते. दर वेळी जवळपास सारखीच सुई देणारी ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे. एका कामावर दोन नंबरला सकाळी ९७ डीबी (डेसिबल) आले, संध्याकाळी त्याच जागी ७९. अठरा डीबी म्हणजे लहरीची उंची आठव्या हिश्श्यावर आली. चॅनेल जिवंत होतं, फक्त बहिरं होत चाललं होतं.

बहिरेपणाने जागाही चुकते. सुरुवातीची कमकुवत लहर थ्रेशोल्डखाली, म्हणजे नोंद सुरू व्हायच्या पातळीखाली, राहते, सॉफ्टवेअर मागून आलेला मोठा झोका पकडतं, वेळ उशिराची लागते आणि दोष आहे त्याहून लांब दिसतो.

पहिल्या दोन महिन्यांत मी हे सगळं सॉफ्टवेअरच्या नावावर टाकलं होतं. एका ट्रान्सफॉर्मरवर डीजीएमध्ये (तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीत) हायड्रोजन, म्हणजे डिस्चार्जची खूण, महिनोन् महिने चढत होता, आणि सॉफ्टवेअरने दोष चक्क टाकीच्या बाहेर दाखवला. मी सहकाऱ्यांना सांगून टाकलं की हा सेट जागा शोधायच्या लायकीचा नाही. ते शब्द मागे घेतो. चूक तीन ठिकाणी होती आणि त्यातलं एकच सॉफ्टवेअरमध्ये होतं: आवाजाचा तेलातला वेग १४०० मीटर प्रति सेकंद असा आधीच भरून ठेवलेला. तो साधारण २० अंशांचा आकडा आहे. तेल तापलं की दर अंशाला सुमारे तीन मीटरने वेग उतरतो, ६५ अंशांवर तो साडेबाराशेच्या आसपास येतो. ती खिडकी मेनूत तीन पायऱ्या खाली आहे, पण आहे. दुसरी चूक होल्डरची.

तिसरी पोलादाची, आणि ती समजून घेतल्याशिवाय हा सेट कोणी हातात घेऊ नये. समजा दोष भिंतीपासून १ मीटर आत आहे आणि सेन्सर त्याच्या समोरून २ मीटर बाजूला. सरळ तेलातून वाट २.२४ मीटरची, १४०० च्या वेगाने १.६ मिलीसेकंद लागतात. पण तीच लहर आधी भिंत गाठून पुढे पोलादातून ३२०० च्या वेगाने धावली, तर १.२७ मिलीसेकंदांतच पोचते. सॉफ्टवेअर तिला तेलातली समजतं आणि दोष सुमारे ४६ सेंटिमीटर जवळ ओढतं. यावर उपाय एकच, सेन्सर सरकवत राहणं. चारही सेन्सर दोषाच्या जितके समोर येतील तितकी आडवाट कमी होते. एकदा लावून चहा प्यायला जायचं हे यंत्र नव्हे.

एकदा सैल बोल्टनेही फसवलं. सेकंदाला बरोबर शंभर टकटक, हुबेहूब पीडीसारख्या. एचएफसीटीवर मात्र काहीच नव्हतं. जंक्शन बॉक्सच्या बोल्टवर हात दाबला, आवाज थांबला. कोअरच्या थरथरीने तो बोल्ट वाजत होता.

ज्याची अपेक्षा नव्हती ते सुख एचएफसीटीने दिलं. विद्युत पल्सवर ट्रिगर घ्यायचा आणि आवाजाची सरासरी काढायची. २५६ नोंदींच्या सरासरीत ट्रिगरशी संबंध नसलेला गोंगाट सोळाव्या हिश्श्यावर येतो. डोळ्यांना नुसतं गवत दिसत होतं, त्यातून लहरीचं पहिलं टोक हळूहळू वर आलं. पल्स आणि टोक यांच्यातली वेळ म्हणजे थेट अंतर. अट इतकीच की डिस्चार्जची जागा एकच हवी. दोन असतील तर सरासरीत खिचडी होते. वाइंडिंगच्या पोटात खोल दडलेला दोष तरीही ऐकू येईलच असं नाही, आणि डीबीवरून पिकोकुलंब (डिस्चार्जमधल्या विद्युतभाराचं माप) काढता येत नाहीत. विक्रेत्याने काहीही सांगितलं तरी.

जीआयएसचं थोडक्यात: तिथलं आवरण ॲल्युमिनियमचं होतं, चुंबक चिकटणारच नव्हतं. सोबत पट्टा दिलेला नाही. सामान बांधायच्या पट्ट्याने सेन्सर आवळून काम केलं. पुन्हा होल्डरच.

आता सर्व्हिस. स्प्रिंग तुटल्यावर फोटो मागितले, पाठवले. पुन्हा तेच फोटो मागितले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: होल्डर झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही, स्प्रिंग सुटी मिळत नाही, चार होल्डरचा पूर्ण संच घ्यावा लागेल. तीन धड होल्डर असताना मी चार का विकत घेऊ? ज्या भागावर प्रत्येक आकडा अवलंबून आहे तो झिजणारा असेल, तर त्याचे सुटे भाग पेटीतच द्यायला हवेत. मी संच घेतला नाही. त्याच मापाची जास्त ताठ स्टेनलेस स्प्रिंग करून घेतली आणि चारही होल्डरना बसवली. त्यानंतरच्या दोन कामांत सकाळ-संध्याकाळचा फरक २ डीबीच्या आत राहिला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात तो हायड्रोजनवाला ट्रान्सफॉर्मर ठरलेल्या शटडाउनमध्ये उघडला. नव्या स्प्रिंगा, तेलाच्या तापमानाचा वेग आणि सरकवलेले सेन्सर घेऊन मी त्याचं मोजमाप पुन्हा केलं होतं आणि टाकीच्या बाहेरून खडूने फुली मारली होती. तेल काढून आत उतरलो. एचव्ही (उच्च दाबाच्या) लीडच्या आधाराचा एक बोल्ट सैल, भोवतीच्या इन्सुलेशनच्या प्रेसबोर्डवर काळे डाग. आम्ही काढलेल्या बिंदूपासून वीतभर अंतरावर. बॅटरी धरलेला सहकारी काही बोलला नाही, नुसतं बोट ठेवून उभा राहिला. वाइंडिंगला हात न लावता दुरुस्ती झाली.

म्हणून जागा शोधण्याबद्दलचं माझं मत पूर्ण बदललं आहे, होल्डरबद्दलचं तसूभरही नाही. घेणार असाल तर डेमो गार टाकीवर बघू नका. लोडवरच्या गरम टाकीवर चार तास सेट लावायला सांगा, सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक सेन्सरशेजारी शिसं मोडा आणि दोन्ही आकडे त्यांच्याकडून सहीनिशी घ्या. सुटी स्प्रिंग मिळते का, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.